जैवसांख्यिकीतज्ज्ञाचे काम आणि त्याची मोजदाद

अंतराल (धागाकर्ती)

गेली बरीच वर्षे मी विद्यापीठात जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्य आणि वैद्यक संशोधनातले संख्याशास्त्र, शिकवते आणि सार्वजनिक आरोग्याचे संशोधन करणाऱ्या गटांबरोबर काम करते. संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवत आलेले विद्यार्थी या क्षेत्राबद्दल विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच चित्र असते: डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ माहिती गोळा करून आणतात, आपण ती संगणकावर घेऊन योग्य ती चाचणी लावतो आणि पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) काढून त्यांच्या हाती देतो. पुष्कळ ठिकाणी काम खरोखरच असे चालते, हे मला मान्य आहे. पण जिथे ते असे चालते तिथे ते फार उशिरा सुरू झालेले असते, आणि या पेशात उभे आयुष्य घालवायचे असेल तर हा उशीर कशामुळे होतो ते आधी समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे उदाहरण मी नेहमी देते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षयरोग झाला, काही वर्षे अंथरुणात गेली, वैद्यकीय शिक्षण राहून गेले आणि त्यांनी बाहेरून अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे 1948 साली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ज्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तिच्या रचनेत त्यांचा वाटा निर्णायक होता. त्या चाचणीत 107 रुग्ण होते. 55 जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, 52 जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 आणि दुसऱ्या गटातले 14 रुग्ण दगावले. हे आकडे तपासायला कोणतेही अवघड गणित लागत नाही. अवघड भाग होता तो पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीचा. त्याआधीच्या अभ्यासांत एकाआड एक रुग्णाला औषध देण्याची पद्धत होती, आणि तीत पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांना आधीच कळत असे. मग एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला आज दाखल करावे की उद्या, हा निर्णय नकळत त्या ज्ञानाने रंगत असे. हिल यांनी यादृच्छिक संख्यांवरून क्रम तयार केला, तो बंद पाकिटांत ठेवला, आणि रुग्ण चाचणीसाठी पात्र ठरल्यावरच त्याचे पाकीट उघडायचे असा नियम घातला. अहवाल समितीच्या नावाने निघाला. सदस्यांच्या यादीत हिल यांचे नाव वर्णानुक्रमाने जिथे यायचे तिथे, मध्यावर कुठेतरी येते.

माझे म्हणणे या पाकिटाशी निगडित आहे. जैवसांख्यिकीतज्ज्ञाचे सर्वांत मोलाचे काम विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती, हाती येण्यापूर्वी होते, आणि ते नीट झाले तर नंतर कोणाच्या नजरेस येत नाही, कारण टळलेली चूक शोधनिबंधात छापली जात नाही. विद्यापीठातील आमच्या कामाची मोजदाद मात्र छापलेल्या गोष्टींवरून होते.

उलट बाजूचा माझा एक अनुभव सांगते. कमी वजनाच्या मुलांना पूरक आहार देणाऱ्या एका संस्थेने, प्रकल्प संपल्यावर, विश्लेषणासाठी मला बोलावले. एका पाहणीत ज्या मुलांचे वजन वयाच्या मानाने सर्वांत कमी भरले त्यांना निवडले होते, तीन महिने आहार दिला होता आणि पुन्हा वजन केले होते. वयाच्या मानाने सरासरी सुधारली होती आणि सर्व जण आनंदात होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मुलांच्या निवडीसाठी जे वजन वापरले तेच ‘आधीचे वजन’ म्हणूनही वापरले होते. आता पहिल्या पाहणीत ज्यांचे वजन सर्वांत खाली नोंदले गेले त्यांच्यात काही मुले नुकतीच जुलाबातून उठलेली असणार, काहींच्या बाबतीत काटा किंवा नोंद चुकलेली असणार; अशा मुलांचे पुढचे वजन, आहार दिला काय आणि न दिला काय, सरासरीकडे सरकतेच. झालेल्या सुधारणेत या सरकण्याचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग त्या माहितीत शिल्लक नव्हता. निवडीनंतर आठवड्याभराने, आहार सुरू होण्यापूर्वी, एकदा पुन्हा वजन केले असते तरी बरेच काही हाती लागले असते. मी हे परिच्छेदभर लिहून दिले. अंतिम अहवालातून तो परिच्छेद वगळला गेला, म्हणून मी माझे नावही वगळायला सांगितले. तो आहार उपयोगी नव्हता असे मी आजही म्हणत नाही. तो उपयोगी असेलही. त्या मुलांच्या घरच्यांनी तीन महिने सहकार्य केले आणि त्यातून कोणालाही काहीही निश्चित कळले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

या क्षेत्रात असलेल्यांचे आणि येऊ पाहणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

बाह्यरुग्ण

मी डॉक्टर आहे आणि सामुदायिक आरोग्यावर संशोधन करतो, म्हणजे तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा. तुमचे म्हणणे मला एका बैठकीत पटले, तो प्रसंग सांगतो.

आरोग्यशिक्षणाचा एक कार्यक्रम तपासायचा होता. वीस गावांतून प्रत्येकी 50 कुटुंबे, एकूण 1000, असा आराखडा मी तयार केला होता आणि एवढा नमुना पुरेसा आहे हे नेहमीच्या सूत्राने पडताळलेही होते. आमच्या जैवसांख्यिकीतज्ज्ञ बाईंनी मला विचारले, की कार्यक्रम कुटुंबाला देणार आहात की गावाला? मी म्हटले, अर्थात गावाला. त्यावर त्यांनी कागदावर मांडून दाखवले, की एकाच गावातील कुटुंबे एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यांच्यापासून मिळणारी माहिती काही प्रमाणात पुनरुक्त असते. त्या सारखेपणाचे माप, गटांतर्गत सहसंबंध, केवळ 0.05 इतके धरले तरी नमुन्याची परिणामकारकता 1 अधिक 49 गुणिले 0.05, म्हणजे 3.45 ने भागावी लागते. माझी 1000 कुटुंबे सुमारे 290 स्वतंत्र कुटुंबांच्या तोलाची निघाली. मी लगेच प्रत्येक गावातून 100 कुटुंबे घेण्याची तयारी दाखवली. त्यांनी पुन्हा गणित करून दाखवले: 2000 कुटुंबे झाली तरी भाजक 5.95 होतो आणि हाती येतात जेमतेम 336. गावांची संख्या वाढवल्याशिवाय तरणोपाय नव्हता.

आम्ही आराखडा बदलला, निधी देणाऱ्यांना सुधारित प्रस्ताव पाठवला, आणि कामाला वर्षभर उशिरा सुरुवात झाली. त्या काळात मी त्यांच्यावर थोडा नाराज होतो, हेही प्रांजळपणे नोंदवतो. शोधनिबंधात या साऱ्याचे एकच वाक्य आले, ‘नमुना आकार ठरवताना गटरचना विचारात घेतली’. त्या वाक्यामागे किती काम होते हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

प्रमेय

मी संख्याशास्त्राच्या सैद्धांतिक बाजूला काम करतो, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्ट मांडले तर चर्चेला उपयोग होईल. आराखडा चांगला असावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण सहयोगी कामात पूर्ण बुडालेला जैवसांख्यिकीतज्ज्ञ हळूहळू सल्ला देणारा सेवक होतो, असे मी पाहिले आहे. दरवर्षी पंधरा-वीस निबंधांत त्याचे नाव लेखकांच्या यादीत मधल्या क्रमांकावर येते, एकाही निबंधातला मूळ प्रश्न त्याचा नसतो, आणि दहा वर्षांनी पदोन्नतीच्या समितीपुढे तो बसतो तेव्हा ‘तुमचे स्वतःचे योगदान कोणते’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. त्या समितीला सर्वस्वी दोष देता येत नाही. शिक्षकाने ज्ञानात भर घालावी ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून तरुणांना माझा सल्ला असा असतो, की आधी पद्धतीशास्त्रात पक्के पाय रोवावेत, स्वतःच्या नावाचे चार-सहा निबंध करावेत आणि मगच सहयोगाकडे वळावे.

अंतराल

प्रमेय, तुम्ही मांडलेली अडचण खरी आहे. मधल्या क्रमांकांची ती रांग मी माझ्या सहकाऱ्यांच्या कारकिर्दीत पाहिली आहे. तरीही तुम्ही सुचवलेला क्रम मला मान्य नाही, कारण या क्षेत्रातल्या पद्धती त्या क्रमाने जन्माला आलेल्याच नाहीत.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांचे उदाहरण घ्या. त्यांची पदवी इतिहासाची होती आणि संख्याशास्त्रातली कोणतीही उच्च पदवी त्यांच्याकडे नव्हती. कर्करोगाच्या अभ्यासांत एक पेच वारंवार येत असे. रोग झालेल्यांचा एक गट आणि न झालेल्यांचा एक गट घेऊन त्यांच्या पूर्वीच्या सवयी विचारल्या, तर सवय असलेल्यांत रोगाचा धोका किती पट, हे त्यातून सरळ निघत नाही, कारण रोगी किती घ्यायचे हे आपणच ठरवलेले असते. कॉर्नफील्ड यांनी 1951 साली दाखवले, की रोग विरळ असेल तर संधिगुणोत्तर म्हणजेच ऑड्स रेशो (सवय असण्या-नसण्याचे प्रमाण रोग्यांत निरोग्यांच्या किती पट, ते) हा सापेक्ष धोक्याच्या जवळ जातो. आज साथरोगशास्त्राचा कोणताही विद्यार्थी पहिल्या वर्षी हे शिकतो. पुढे धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा वाद पेटला. आर. ए. फिशर यांच्यासारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने असा मुद्दा मांडला, की धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एखाद्या आनुवंशिक कारणाने येत असतील. कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली त्याला जे उत्तर दिले त्यात एक साधी असमानता होती: धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊ पट असेल आणि तो सर्वच्या सर्व एखाद्या लपलेल्या कारणामुळे असेल, तर ते कारण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या निदान नऊ पट प्रमाणात आढळले पाहिजे. असे कारण कोणी दाखवू शकले नाही. निरीक्षणांवर आधारित संशोधनात निष्कर्ष किती ताण सोसेल हे तपासण्याच्या आजच्या रीतींचे मूळ या युक्तिवादात आहे.

वेगवेगळ्या वयोगटांसारख्या थरांतील तुलना एकत्र करण्याची मॅन्टेल आणि हेन्झेल यांची पद्धतही 1959 सालची, तीही कर्करोगाच्या अशाच अभ्यासांतून आलेली. लियांग आणि झेगर यांनी 1986 साली मांडलेली सामान्यीकृत अंदाज समीकरणे आरोग्य संशोधनात सर्रास वापरली जातात, कारण एकाच व्यक्तीची पुन्हा पुन्हा घेतलेली मोजमापे कशी हाताळावीत, हा प्रश्न तिथे रोजचा आहे. या लोकांना प्रश्न सहयोगातून मिळाले. तुमच्या क्रमाने गेलेला विद्यार्थी बहुतेक वेळा आधीच्या निबंधातली एखादी अट सैल करून पुढचा निबंध लिहितो, आणि ती अट प्रत्यक्षात कोणाला जाचत होती का, हे त्याला ठाऊक नसते.

पदोन्नतीच्या प्रश्नावर माझ्यापुरता मी काढलेला मार्ग असा आहे. प्रत्येक मोठ्या सहयोगात मी एक वही ठेवते. उपलब्ध पद्धत जिथे अपुरी पडली, जिथे आम्ही तडजोड केली, जिथे गृहीतक मनाला पटले नाही, ते सारे तीत लिहून ठेवते. माझे जे निबंध माझे म्हणता येतील ते या वहीतून आले आहेत. दुसरी गोष्ट, समितीपुढे जाताना मी निबंधांच्या यादीबरोबर सविस्तर टिपण जोडते आणि कोणत्या अभ्यासात कोणता निर्णय माझा होता व त्यामुळे काय बदलले, हे तीन-चार वाक्यांत लिहिते. त्या टिपणावर त्या अभ्यासाच्या प्रमुख संशोधकाची सही घेते. बाह्यरुग्ण यांनी वर जे लिहिले आहे तसे एक पत्र पाच मधल्या क्रमांकांपेक्षा जास्त बोलते. सगळ्याच समित्या ते वाचतात असे नाही, पण काही समित्या वाचतात, असा माझा अनुभव आहे.

मध्यक

अंतराल यांनी चाचणीपूर्वीच्या कामावर भर दिला आहे. मला चाचणी चालू असतानाच्या एका कामाविषयी लिहायचे आहे, कारण बाहेरच्यांना ते जवळपास अज्ञात असते. मोठ्या चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समित्या असतात आणि त्यांत किमान एक जैवसांख्यिकीतज्ज्ञ असतो. चाचणी सुरू असताना कोणत्या गटात किती मृत्यू झाले हे त्या समितीलाच कळते. औषध देणाऱ्या डॉक्टरांना आणि चाचणीच्या प्रमुखांनाही ते कळत नाही. मी अशा काही समित्यांवर बसलो आहे.

तिथला प्रश्न गणिताचा वाटतो आणि तो अर्धाच गणिताचा असतो. दोन गटांत प्रत्यक्षात काहीही फरक नसला, तरी पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीने समान अंतराने पाच वेळा आकडे पाहिले, तर कधी ना कधी ‘फरक आहे’ असे दिसण्याची शक्यता सुमारे 14 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून सुरुवातीच्या पाहणीत कसोटी फार कडक ठेवायची आणि शेवटाकडे ती नेहमीच्या पातळीजवळ आणायची, अशा रीती आहेत. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांची 1979 सालची रीत त्यांत प्रसिद्ध आहे. पण समोर कागदावर एका गटात मृत्यू अधिक दिसत असतात, रेषा अजून ओलांडलेली नसते, आणि उद्या सकाळी आणखी रुग्ण त्या गटात जाणार असतात. आता थांबवले आणि फरक योगायोगाचा निघाला, तर उपयोगी औषध कायमचे बाजूला पडू शकते. चालू ठेवले आणि फरक खरा निघाला, तर त्या मधल्या रुग्णांचे उत्तर आपल्याला द्यायचे असते. अशा रात्री मला झोप लागलेली नाही. या कामाची नोंद शोधनिबंधाच्या तळाशी आभारांत येते आणि तिथेच यावी, असे माझे मत आहे.

‘नाही’ म्हणण्याबद्दलही लिहितो. मोठी चाचणी संपली की लगेच विचारणा होते, की स्त्रियांत वेगळा परिणाम दिसतो का, सत्तरीपुढच्यांत दिसतो का, मधुमेह असलेल्यांत दिसतो का. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन देण्याची आयसिस-2 ही चाचणी 1988 साली प्रसिद्ध झाली. तीत 17,187 रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता. संशोधकांनी उपगटांच्या तक्त्यात जन्मराशींचाही समावेश केला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसले, बाकीच्या राशींत अतिशय उपकारक. उपगट पाडत गेले की असे काहीतरी हमखास निघते, हे सांगण्याची याहून परिणामकारक रीत मला माहीत नाही. एखादा संशोधक उपगटाचा हट्ट धरतो तेव्हा मी तो तक्ता त्याच्यासमोर ठेवतो आणि त्यानंतर आमचे बोलणे बरेच सोपे होते.

उमेदवार

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि जैवसांख्यिकीत पीएच.डी. करावी का, याचा विचार करत आहे. माझ्या अडचणी व्यवहाराच्या आहेत. पीएच.डी. शिवाय या क्षेत्रात शैक्षणिक काम करता येते का? जीवशास्त्राचा किंवा वैद्यकाचा माझा अभ्यास शाळेपुरताच आहे, ती उणीव भरून निघते का? आणि निधी मिळाला तरच पगार, अशी परिस्थिती काही ठिकाणी असते असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे? शेवटचा प्रश्न, प्रवेशापूर्वीच्या काही महिन्यांत मी नेमके काय वाचावे?

अंतराल

उमेदवार, तुमचे प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पीएच.डी. शिवाय विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांत विश्लेषक म्हणून चांगले काम करता येते, आणि माझ्या ओळखीतील काही उत्तम विश्लेषक पदव्युत्तर शिक्षणावरच थांबलेले आहेत. मात्र अभ्यासाची रचना ठरवण्याच्या बैठकीत त्यांना सहसा बोलावले जात नाही. तिथे बसायचे असेल आणि स्वतःच्या नावाने निधी मागायचा असेल तर पीएच.डी. बहुतेक ठिकाणी लागतेच. केवळ नोकरी टिकावी म्हणून मात्र ती करू नये. त्यात जाणारी चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाबरोबर काढायची असतात, आणि तो प्रश्न आवडीचा नसेल तर त्याचे ओझे होते.

वैद्यकाची उणीव भरून निघते, पण आपोआप नाही. एखाद्या रोगावरच्या अभ्यासात सहभागी झाल्यावर मी पहिला महिना त्या रोगाविषयी वाचण्यात घालवते, आणि शक्य असेल तर एक-दोन दिवस जिथे माहिती गोळा होते तिथे जाऊन बसते. रक्तदाब घेताना रुग्ण चालत आला होता की पंधरा मिनिटे बसला होता, आकडा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत पूर्ण करण्याची सवय कोणाला आहे, प्रश्नावलीतल्या कोणत्या प्रश्नाला बाई सासूसमोर उत्तर देत नाहीत, या गोष्टी फाइल उघडून कळत नाहीत. संकोच न करता विचारावे. ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगाल का’ हे वाक्य भर बैठकीत म्हणता येणे हे या पेशातले मोठे कौशल्य आहे.

निधीबद्दल तुम्ही ऐकले ते काही देशांतल्या काही विद्यापीठांपुरते खरे आहे. तिथे प्राध्यापकाच्या पगाराचा मोठा हिस्सा संशोधनाच्या अनुदानांतून येतो आणि त्याचा वेळ टक्क्यांत वाटलेला असतो: या प्रकल्पाला वीस टक्के, त्याला दहा टक्के. कागदावर शंभर टक्के भरले, की स्वतःच्या विचारासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी वेळ उरत नाही. नोकरी स्वीकारण्यापूर्वी पगारातला किती हिस्सा संस्था देणार, आणि एखादे अनुदान संपून दुसरे मिळेपर्यंतचा काळ कोण सांभाळणार, हे लेखी विचारून घ्यावे. असे विचारण्यात अनुचित काहीही नाही.

वाचनाबद्दल सांगायचे, तर एका मोठ्या अभ्यासाचे आकडे घ्या आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत सोडू नका. 1954 सालची पोलिओ लशीची चाचणी मी सुचवीन. तिच्यात दोन आराखडे एकाच वेळी वापरले गेले. काही भागांत पालकांनी संमती दिलेल्या मुलांचे यादृच्छिक रीतीने दोन गट केले. एकाला लस मिळाली, दुसऱ्याला खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन. लस घेतलेल्यांत दर लाखास 28 आणि दुसऱ्या गटात 71 मुलांना पोलिओ झाला. संमती न दिलेल्यांत मात्र हा आकडा 46 होता. इथे थांबून विचार करा, की ज्यांना लस मिळालीच नाही अशा या दोन गटांत, 71 आणि 46 इतका फरक का पडावा? संमती देणारी कुटुंबे तुलनेने सुस्थितीतली होती, त्यांची मुले स्वच्छ वातावरणात वाढत होती, आणि म्हणूनच अगदी लहानपणी, आईकडून आलेले संरक्षण अंगात असताना, त्यांचा विषाणूशी संबंध येऊन प्रतिकारशक्ती तयार होण्याची शक्यता कमी होती. आता दुसरा आराखडा पाहा. तिथे दुसरीतल्या, संमती मिळालेल्या मुलांना लस दिली आणि त्यांची तुलना पहिली व तिसरीच्या सर्व मुलांशी केली. त्यात आकडे आले 25 आणि 54. तुलनेच्या गटात संमती न देणाऱ्या घरांची मुलेही मिसळल्यामुळे त्या गटातला पोलिओ कमी दिसला आणि लशीचा परिणाम होता त्याहून थोडा दिसला. हा सारा युक्तिवाद कागद न बघता मला समजावून सांगता आला, तर जैवसांख्यिकीचा पाया तुमच्याजवळ आहे असे मी म्हणेन. मोठ्या नमुन्यांचा सिद्धांत, प्रतिगमन (रिग्रेशन), जगण्याच्या कालावधीचे विश्लेषण, आज्ञावली लिहिणे हे सर्व शिकावे लागेलच आणि ते वर्गात शिकवले जाते.

प्रमेय

अंतराल यांच्या वहीच्या कल्पनेवर मी विचार केला. कॉर्नफील्ड यांची 1959 सालची असमानता मी अनेकदा शिकवली आहे, पण ती फिशर यांच्या आक्षेपाला उत्तर म्हणून कधी शिकवली नाही. सुटी, स्वयंपूर्ण गोष्ट म्हणून शिकवली. यापुढे ती त्या वादासकट शिकवेन. पदोन्नतीविषयी माझी काळजी मात्र कायम आहे. सहीच्या पत्राची सोय प्रमुख संशोधकाच्या भल्या मनावर अवलंबून आहे, आणि तुमच्या पूरक आहाराच्या अनुभवात तसे मन नव्हते.

अंतराल

हे खरे आहे आणि याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे जे चार निकष ठरवले आहेत, त्यांतला पहिलाच निकष अभ्यासाची संकल्पना किंवा रचना, अथवा माहितीचे संकलन, विश्लेषण वा अन्वयार्थ यांत भरीव वाटा असणे, असा आहे. आणि 2013 साली जोडलेल्या चौथ्या निकषानुसार कामाच्या सर्व अंगांची जबाबदारी घेण्याची तयारी लागते. या निकषांच्या आधारावर मी आता अभ्यास सुरू होतानाच लेखकत्वाविषयी बोलते आणि ते आराखड्यात लिहून घेते. विश्लेषणाची योजना विदा उघडण्यापूर्वी तारखेसह नोंदवून ठेवणे हेही आता आमच्या गटात सक्तीचे आहे. परिच्छेद वगळण्याची वेळ आली, तर निदान तो आधी लिहिला गेला होता याचा पुरावा राहतो.

विदाराखण

मी एका दीर्घकालीन अभ्यासात विदा व्यवस्थापनाचे काम करतो. इथे सर्व जण रचना आणि विश्लेषणाविषयी लिहीत आहेत, म्हणून मधल्या टप्प्याविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे सहा महिन्यांनी घरभेट होते. भेट झाली नाही तर अर्जात 99 लिहायचे अशी सूचना होती. दोन वर्षांनंतर विश्लेषण सुरू झाले तेव्हा कळले, की गाव सोडून गेलेले, मृत्यू पावलेले, भेटीला नकार दिलेले आणि त्या दिवशी केवळ शेतावर गेलेले, हे सगळे त्या एका 99 मध्ये गेले आहेत. एका ठिकाणी तर तो 99 वय म्हणून सरासरीत मिसळला होता. ते वेळीच लक्षात आले. क्षेत्रकार्यकर्त्यांना घर बंद का होते हे बहुतेक वेळा माहीत असते, पण त्यांना ते कोणी विचारलेले नसते. जैवसांख्यिकीतज्ज्ञ आमच्याकडे अर्ज छापण्यापूर्वी एकदाही आले नव्हते.

अंतराल

विदाराखण, तुमचा प्रतिसाद मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भेटीला न सापडलेल्या व्यक्ती सापडलेल्यांसारख्याच आहेत असे मानले, तर जे आजारी पडून माहेरी किंवा शहरात उपचाराला गेले ते हिशेबातून गळतात आणि उरलेले गाव आहे त्यापेक्षा निरोगी दिसते. गहाळ विदा हाताळण्याच्या सर्व प्रगत पद्धती, 1976 साली संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी मांडलेल्या विचारापासून पुढच्या, माहिती का गहाळ झाली या एका प्रश्नावर उभ्या आहेत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या क्षेत्रकार्यकर्त्यांजवळ होते.

पुढच्या महिन्यात आमच्या एका नव्या अभ्यासाचे अर्ज छापायला जाणार आहेत. त्यांत भेट न होण्याच्या कारणासाठी पाच वेगळे पर्याय आणि मोकळी जागा ठेवली आहे: स्थलांतर, मृत्यू, नकार, तात्पुरते बाहेर, आणि आजारपणामुळे दुसरीकडे. कारण कोणी सांगितले, घरच्यांनी की शेजाऱ्यांनी, यासाठीही एक रकाना आहे. तुमच्या अनुभवात कार्यकर्ते दिवसाच्या शेवटी थकलेले असताना एवढे रकाने भरतात का, की सवयीने पहिल्याच पर्यायावर खूण करतात? तसे होत असेल तर पर्यायांचा क्रम बदलावा लागेल, आणि छपाईपूर्वी ते करायला मला अजून दोन आठवडे आहेत.